वाळवंटात उतरणाऱ्या कॅप्सूलचा परवाना: पात्रता, कागदपत्रं आणि फाईल नेमकी कुठे अडते

अंतराळातून परत येऊन पॅराशूटने खाली आलेली कॅप्सूल जमिनीला टेकली की परवान्याचा विषय संपला, असं धरून तयार केलेले अर्ज हमखास अडकतात. अमेरिकेच्या नियमांनुसार पुनर्प्रवेशाचा, म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर परतण्याचा परवाना उतरण्याच्या क्षणी संपत नाही. यान आणि त्याचे सुटे झालेले भाग जमिनीवर सुरक्षित अवस्थेत आणण्यासाठी जे काही करावं लागतं, ते सगळं त्याच परवान्याखाली येतं. कक्षेतून बाहेर पडण्याचं गणित शंभर पानांत मांडायचं आणि वाळवंटातल्या कामाला 'पथक कॅप्सूल ताब्यात घेईल' एवढं एकच वाक्य द्यायचं, अशा फाईलवर त्रुटी निघणारच.

अमेरिकेत हा परवाना संघीय विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए देतं. त्याचे नियम 'भाग ४५०' या नावाने ओळखले जातात आणि ते मार्च २०२१पासून लागू आहेत. ऑस्ट्रेलियात उतरायचं असेल तर तिथला २०१८चा अंतराळ प्रक्षेपण व परतीचा कायदा लागू होतो. त्याकडे पुढे येऊ.

अर्ज कोणी करायचा

अमेरिकेच्या भूमीवर यान उतरवणाऱ्या प्रत्येक खासगी संस्थेला परवाना लागतो. अमेरिकी कंपनी असेल तर ती जगात कुठेही यान उतरवो, एफएएचा परवाना तिला चुकत नाही. 'आम्ही ऑस्ट्रेलियात उतरणार, मग अमेरिकेत अर्ज कशाला?' हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर एकच: दोन्हीकडे अर्ज करायचा.

सरकारने स्वतःसाठी केलेल्या मोहिमांना हा परवाना लागत नाही. त्यामुळेच एक गोंधळ होतो. २४ सप्टेंबर २०२३ला नासाच्या ओसायरिस-रेक्स मोहिमेची कॅप्सूल बेन्नू लघुग्रहाचे नमुने घेऊन युटाच्या वाळवंटात उतरली. ती उचलण्याच्या कामाची वर्णनं आणि छायाचित्रं भरपूर उपलब्ध आहेत, म्हणून नवे अर्जदार तोच आराखडा उचलून आपल्या अर्जात घालतात. काम शिकण्यासाठी ते उत्तम आहे. पण त्या मोहिमेला जे कागद लागलेच नाहीत, ते तुम्हाला लागणार आहेत, आणि नासाच्या आराखड्यात ते शोधून सापडणार नाहीत.

१८० दिवस कुठून मोजायचे

निर्णयासाठी कायद्यात १८० दिवसांची मुदत आहे. ही मुदत अर्ज पाठवल्यापासून सुरू होत नाही. अर्ज पुरेसा पूर्ण आहे असं ठरवून तो छाननीसाठी स्वीकारला गेला, की मग दिवस मोजायचे. त्याआधी पूर्वचर्चा असते आणि ती सक्तीची आहे. या चर्चेत मसुदे जातात, शेरे येतात, पुन्हा मसुदे जातात, आणि त्या काळाला कसलीही मुदत नाही. पोचपावती हातात आली म्हणून कॅलेंडरवर सहा महिने पुढची तारीख गोल करून ठेवू नका. गुंतवणूकदारांना ती तारीख तर अजिबात सांगू नका. छाननीच्या मध्यात आणखी माहिती मागितली गेली तर ही मुदत थांबवलीही जाऊ शकते.

दुसरी चूक याहून महागात पडते: आधी यान वर पाठवायचं आणि परतीचा परवाना नंतर बघायचा. अंतराळात औषधं तयार करणाऱ्या व्हार्डा या कंपनीची पहिली कॅप्सूल १२ जून २०२३ला कॅलिफोर्नियाच्या व्हँडेनबर्ग तळावरून कक्षेत गेली, तेव्हा तिच्याकडे परतीचा परवाना नव्हता. सप्टेंबरमध्ये एफएएने अर्ज नाकारला. आत रिटोनाविर या औषधाचे स्फटिक तयार झालेले, आणि कॅप्सूल पृथ्वीभोवती फिरत राहिलेली. परवाना मिळाला १४ फेब्रुवारी २०२४ला आणि कॅप्सूल युटात उतरली २१ फेब्रुवारीला. भाग ४५०खाली मिळालेला पुनर्प्रवेशाचा तो पहिलाच परवाना. त्यानंतर एप्रिल २०२४मध्ये एफएएने जाहीर केलं की परत येण्यासाठी बनवलेल्या यानाला परतीचा परवाना आधी मिळालेला असला पाहिजे, नाहीतर ते वर नेणाऱ्या प्रक्षेपणाच्या पातळीवरच अडवलं जाईल. म्हणजे आता ही वाट बंद आहे. जुन्या उदाहरणाकडे बोट दाखवून उपयोग नाही.

जमीन ज्याची, त्याची संमती

हा कागद जवळजवळ कोणाकडेच वेळेवर नसतो.

रिकामं वाळवंट म्हणजे बिनमालकीची जागा, असा समज असतो. यान उतरवण्याजोगी विस्तीर्ण, निर्मनुष्य आणि वरचं आकाशही बंद करता येईल अशी जमीन बहुतेक वेळा लष्कराच्या ताब्यात असते. युटातलं क्षेत्र हवाई दलाचं चाचणी व प्रशिक्षण क्षेत्र आहे आणि त्याला लागूनच भूदलाचं डगवे हे चाचणी केंद्र आहे. तिथे उतरायचं तर क्षेत्राच्या प्रशासनाशी लेखी करार हवा आणि तो एफएएच्या फाईलला जोडलेला हवा. शिवाय त्या दिवसापुरतं आकाश मोकळं ठेवण्यासाठी हवाई वाहतूक नियंत्रणाशी वेगळा करार.

आता अडचण बघा. उतरण्याचं क्षेत्र म्हणतं, तुमचा धोका मान्य आहे असं एफएए म्हणू दे, मग बोलू. एफएए म्हणतं, क्षेत्राचा करार आणा, मग धोका तपासू. दोघांच्याही दृष्टीने हे रास्त असेल, पण मधल्या मध्ये अर्जदाराची फरफट होते. व्हार्डाच्या बाबतीतही २०२३मध्ये हवाई दलाने क्षेत्र वापरण्याची विनंती सुरक्षितता, धोका आणि परिणाम यांच्या एकूण मूल्यमापनावरून त्या वेळी मान्य केली नव्हती. एका खात्याचा होकार मिळेपर्यंत दुसऱ्याकडचा अर्ज थांबवायचा असं केलंत, तर फाईल जागची हलणार नाही. दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज द्या. दोन्ही अर्जांत उतरण्याच्या लंबवर्तुळाचा, म्हणजे कॅप्सूल जिथे पडू शकते त्या अंडाकृती पट्ट्याचा एकच नकाशा आणि तारखांची तीच खिडकी ठेवा. तारीख एकीकडे बदलली की दुसरीकडे त्याच दिवशी कळवा. कॅप्सूल दोन तारखांना उतरणार असल्यासारखी दिसणारी फाईल कोणीही परत पाठवेल.

आणि पर्यायी तारखा मागून ठेवा. लष्कराचा सराव तुमच्या कॅप्सूलसाठी पुढे ढकलला जाणार नाही.

जमिनीवरच्या कामाचा आराखडा

छाननी करणारा माणूस इथे साधे प्रश्न विचारतो. कॅप्सूलजवळ सर्वांत आधी कोण जाणार, कोणत्या दिशेने, काय मोजून, आणि कोणत्या आकड्याला परत फिरणार? ही उत्तरं आराखड्यात नसतील तर बाकीची सजावट वाया.

धोके एकेक करून लिहा. पॅराशूट बाहेर फेकणारे स्फोटक भार पहिले. सगळं सुरळीत झालं तर ते वापरले गेलेले असतात. पण आराखडा सुरळीत दिवसासाठी मागत नाहीत. ८ सप्टेंबर २००४ला नासाच्या जेनेसिस मोहिमेची कॅप्सूल युटात पॅराशूट न उघडता ताशी सुमारे ३११ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळली. तिचा वेग घटल्याची जाणीव करून देणारे स्विच उलट्या दिशेने बसले होते. म्हणजे स्फोटक भार तसेच आत, बॅटरीची अवस्था माहीत नाही, आणि कॅप्सूल फुटलेली. पथकाला जवळ जाण्याआधी याच गोष्टींचा विचार करावा लागला. तुमच्या अर्जात 'पॅराशूट उघडलं नाही तर' हे प्रकरण नसेल, तर जेनेसिसचं नाव घेऊन प्रश्न येईल अशी तयारी ठेवा.

मग बॅटरी. आपटलेल्या बॅटरीतून विषारी वायू येऊ शकतो, म्हणून वायू मोजणारं उपकरण हातात घेतलेला माणूस वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे वारा पाठीवर ठेवून पुढे जातो. टाकीत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन उरणार असेल तर श्वसनयंत्र आणि संरक्षक पोशाख आलेच. दाबाखालच्या टाक्या, अजून तापलेलं ऊष्माकवच, वाऱ्याने फुगून कॅप्सूलला फरपटत नेणारं पॅराशूट, या प्रत्येकासाठी जबाबदार व्यक्तीचं पद लिहा. नुसतं 'पथक' लिहू नका.

एक धोका तुमच्या यानाचा नसतोच आणि म्हणून तो हटकून राहतो: लष्करी क्षेत्रातला जुना, न फुटलेला दारूगोळा. तुमची गाडी किंवा हेलिकॉप्टर जिथे टेकणार ती जागा कोण तपासणार, हे क्षेत्राच्या करारात आणि तुमच्या आराखड्यात सारखंच असायला हवं.

सुट्या भागांचंही तसंच. ऊष्माकवच आधीच सुटून पडणार असेल तर ते वेगळ्या ठिकाणी पडेल. लघुग्रहाचे नमुने आणणाऱ्या जपानच्या हायाबुसा-२ मोहिमेत कॅप्सूलबरोबर पुढचं आणि मागचं कवचही शोधून उचलावं लागलं होतं. कवच मागाहून बघू म्हणून सोडता येत नाही, कारण त्याचं तंत्रज्ञान क्षेपणास्त्रांच्या जवळचं आहे आणि निर्यात नियंत्रणात येतं. कोणत्या देशाचा नागरिक त्याला हात लावणार हेही विचारलं जातं. पथकात परदेशी सहकारी असतील तर ही परवानगी आधी काढा. उतरण्याच्या आदल्या आठवड्यात ती मिळत नाही.

धोक्याच्या गणिताबद्दल थोडक्यात: मोहिमेबाहेरच्या सगळ्या लोकांना मिळून मृत्यू वा गंभीर इजेचा अपेक्षित धोका दहा हजारात एकापेक्षा जास्त नको आणि कोणाही एका व्यक्तीला दहा लाखात एकापेक्षा जास्त नको. हे काम तुमचे अभियंते करतीलच. पर्यावरण आढावा, धोरणविषयक छाननी आणि पेलोडची, म्हणजे आतल्या मालाची माहिती हे भाग नमुन्यानुसार भरले की सहसा मार्गी लागतात. फक्त आत कोणतं घातक द्रव्य किती आहे ते लपवू नका. परत आणलेल्या मालातल्या द्रावकाचे चार थेंबसुद्धा यादीत हवेत.

विमा आणि सह्या

विम्याची रक्कम तुम्ही किंवा विमा कंपनी ठरवत नाही. एफएए जास्तीत जास्त संभाव्य नुकसान काढतं आणि त्यावरून रक्कम कळवतं. तिसऱ्या पक्षासाठी ती कमाल ५० कोटी डॉलर आणि सरकारी मालमत्तेसाठी कमाल १० कोटी डॉलर असू शकते. आकडा हातात येण्याआधी पॉलिसी काढलीत तर बहुधा बदलावी लागेल.

खरी दमछाक परस्पर दावामाफीच्या कराराची होते. एकमेकांच्या नुकसानीबद्दल दावा करणार नाही, असं परवानाधारकाने, सरकारने आणि ग्राहकांनी लिहून द्यायचं असतं. ग्राहक म्हणजे ज्यांचा प्रयोग किंवा माल कॅप्सूलमध्ये आहे ते. एखादं विद्यापीठ ग्राहक असेल तर त्याच्या विधी विभागातून सही सुटायला किती काळ लागतो, हे त्या विद्यापीठात कधी काम केलेल्या माणसाला विचारा आणि तेवढे दिवस हाताशी ठेवा. ही सही शेवटी मागू नका. मालाची जागा आरक्षित करतानाच मसुदा हातात द्या.

ऑस्ट्रेलियात उतरायचं असेल तर

इथे 'परतीची अधिकृत मंजुरी' लागते आणि ती ऑस्ट्रेलियन अंतराळ संस्थेमार्फत मिळते. परदेशी संस्थाही अर्ज करू शकते. जपानची अंतराळ संस्था जाक्सा हिला हायाबुसा-२साठी ऑगस्ट २०२०मध्ये अशी मंजुरी मिळाली आणि कॅप्सूल ६ डिसेंबर २०२०ला वूमेराच्या प्रतिबंधित क्षेत्रात उतरली. विमा १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा किंवा संभाव्य नुकसानीचा आकडा त्याहून कमी निघाला तर तेवढ्याचा. धोका-विश्लेषण, पर्यावरण, आपत्कालीन व्यवस्था आणि तंत्रज्ञान-सुरक्षा यांचे आराखडे स्वतंत्रपणे द्यायचे असतात. एकच जाड फाईल करून त्यात सगळं कोंबू नका.

वूमेरा संरक्षण खात्याच्या अखत्यारीत आहे, म्हणजे तिथेही जमिनीची वेगळी परवानगी. त्यापलीकडे एक संमती आहे, जी कागदांच्या यादीत ठळक दिसत नाही पण टाळता येत नाही: त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची. २०१०मध्ये पहिली हायाबुसा उतरली तेव्हा आदिवासी समाजातल्या ज्येष्ठांना हेलिकॉप्टरने जागा दाखवण्यात आली. ती पवित्र स्थळी पडलेली नाही याची त्यांनी खात्री केल्यावरच पुढचं काम झालं. व्हार्डाची दुसरी कॅप्सूल २८ फेब्रुवारी २०२५ला दक्षिण ऑस्ट्रेलियात कूनिब्बा इथे उतरली. ते क्षेत्र चालवणारी कंपनीही तिथल्या आदिवासी समाजाच्या संस्थेबरोबर काम करते. ही बोलणी पत्र पाठवून उरकण्याची नाहीत. समोर जाऊन बसावं लागतं, आणि त्यांच्या सवडीने.

पुढची अडचण घरी नेण्याची. आघाताने बिघडलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवता येत नाही. न उडालेला स्फोटक भारही साध्या मालासारखा जात नाही. म्हणून बॅटरी शाबूत आहे हे तपासून लिहून देणारा माणूस वाळवंटातच हवा, आणि ती काढावी लागली तर ठेवायची कुठे तेही ठरलेलं हवं. हायाबुसा-२ची कॅप्सूल ८ डिसेंबरला जपानमध्ये सागामिहाराला पोहोचली, तीही वूमेरातच नमुन्यातला वायू काढून घेतल्यानंतर. इतक्या वेगाने काम झालं, कारण सीमाशुल्क आणि जैवसुरक्षेचे कागद कॅप्सूल उतरण्याआधी तयार होते.

उतरल्यावर भरायचे कागद

अमेरिकी परवाना असेल तर मोहिमेनंतर ९० दिवसांत अहवाल द्यावा लागतो. सार्वजनिक सुरक्षिततेशी संबंधित जे काही अपेक्षेबाहेर घडलं ते त्यात येतं, किरकोळ वाटलं तरी. अपघात झाला तर मात्र ९० दिवसांचा विचारही नको: कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला गंभीर इजा झाली असेल तर लगेच, एरवी २४ तासांत कळवायचं, आणि पाच दिवसांत प्राथमिक लेखी अहवाल. अशा वेळी पथकाला सांगून ठेवा की जीव वाचवणं आणि आग विझवणं सोडून कशालाही हात लावायचा नाही. तुकडे जिथे पडले तिथेच राहू द्यायचे, छायाचित्रं काढायची, वारा कोणत्या दिशेचा होता तेही टिपून ठेवायचं. नेटकेपणाने गोळा करून पेट्यांत भरलेले अवशेष तपासणी करणाऱ्यांच्या फारसे कामाचे राहत नाहीत, आणि पुढच्या परवान्याची फाईल उघडते तेव्हा पहिला प्रश्न त्यावरच येतो.