केचक की बारोंग? बालीत एकच प्रयोग पाहायचा असेल तर

बालीहून आलेले लोक ‘रामायणाचा डान्स पाहिला’ म्हणतात आणि फोटो दाखवतात बारोंग या वेगळ्याच नृत्यनाट्याचे. बारोंगच्या नेहमीच्या प्रयोगात राम नसतोच.

रामकथा असते केचकमध्ये. उलुवातू मंदिराजवळच्या समुद्रकड्यावर सूर्यास्ताच्या सुमारास कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र गुंडाळलेले, उघड्या अंगाचे कितीतरी पुरुष दिव्याभोवती गोल करून बसतात. वाद्य एकही नाही. एक जण तोंडानेच ठेका धरतो, बाकीचे ‘चक’ हा उच्चार वेगवेगळ्या जागी टाकतात. एकाने सोडलेली जागा दुसरा भरतो. सीताहरण ओळखीचं असल्याने भाषा आडवी येत नाही. मात्र याला प्राचीन मंदिरनृत्य समजू नका. सांगह्यांग या अंगात येण्याच्या विधीतलं समूहगायन घेऊन आजच्या रूपातलं केचक १९३०च्या दशकात घडलं. नर्तक वायान लिंबाक आणि जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस यांचा त्यात मोठा वाटा.

बारोंग बहुधा सकाळी असतो, बातुबुलान गावात. इथे गमेलान, म्हणजे मुख्यतः धातूच्या वाद्यांचा ताफा, वाजतं, आणि त्यासाठी तरी जाच. जोडीतलं एक वाद्य मुद्दाम किंचित चढं लावलेलं असतं. दोन्ही एकदम वाजली की प्रत्येक स्वर थरथरत राहतो. रेकॉर्डिंगमध्ये ती थरथर निम्मीही उतरत नाही. बारोंग हा सिंहासारखा रक्षक प्राणी. त्याच्या पोटात दोन नर्तक असतात, तरी चाल एकाच जनावराची वाटते. कथा महाभारताच्या पात्रांची, पण आपल्या महाभारतात न सापडणारी: कुंती सहदेवाला बळी द्यायला निघते, शिव त्याला अमर करतो आणि पुढे सहदेवच बारोंग होतो. समोर उभी राहते लांब जिभेची, लोंबत्या स्तनांची चेटकीण, रांगडा. तिच्या प्रभावाखाली बारोंगचे साथीदार क्रिस हे नागमोडी खंजीर स्वतःच्याच छातीवर रोवू पाहतात. रामकथेसारखा निकाल इथे लागत नाही. दोघंही तुल्यबळ राहतात.

युनेस्कोने २०१५ साली बालीच्या पारंपरिक नृत्यांना मान्यता दिली. त्या नऊ नृत्यांत याच कुंती-सहदेवाच्या कथेचा बारोंग आहे, केचक नाही.

म्हणून मी आधी बारोंग सुचवेन, आणि तोही गमेलानजवळच्या बाजूला बसून. हाताशी आणखी एक संध्याकाळ असेल तर केचक. उलुवातूला लवकर पोहोचा आणि चष्मा सांभाळा. तिथली माकडं तो सहज पळवतात.