पाटीवरचा कोड गिऱ्हाइकाच्या मोबाइलला का दिसत नाही

लातूरच्या गंजगोलाईत, पैठणच्या पैठणीच्या दुकानात, वेरूळच्या रस्त्याला, कुठेही गेलात तरी पाटीच्या कोपऱ्यात एक क्यूआर कोड असतोच. पैसे घेणारा कोड आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झालं आणि बघता बघता चहाच्या टपरीपर्यंत पोचलं. या यशाने दुकानदारांची एक समजूत मात्र पक्की झाली, की कोड कसाही छापून चिकटवला तरी लोक स्कॅन करतात.

पैशाच्या कोडचं काम मुळातच सोपं आहे. गिऱ्हाईक हातभर अंतरावर उभं असतं, पैसे द्यायचेच असतात, एकदा नाही जमलं तर ते पुन्हा मोबाइल धरतं. मोसंबीची ऑर्डर घ्यायला किंवा साड्यांचे नमुने दाखवायला लावलेल्या कोडची गोष्ट वेगळी. तिथे समोरच्याला काहीच अडलेलं नसतं. दोन-तीन सेकंदांत काही उघडलं नाही, की तो मोबाइल खिशात घालून चालू लागतो. ते दोन-तीन सेकंद पदरात पडणार की वाया जाणार, हे बरंचसं छापखान्यात जाण्याआधीच ठरलेलं असतं. कोडात किती अक्षरं भरली, यावर.

हा कोड १९९४ साली जपानमध्ये जन्मला. टोयोटा समूहातल्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद बारकोडवर ठेवली जायची. बारकोडात जेमतेम वीस अक्षरं मावत, त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावून ते एकामागून एक वाचावे लागत. मासाहिरो हारा या अभियंत्याने माहिती आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांनी मांडली. जेवणाच्या सुट्टीत ते ‘गो’ हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळत, तिथून ही कल्पना सुचल्याचं ते सांगतात. कंपनीने पेटंट घेतलं, पण त्याचा हक्क बजावला नाही. आपल्याकडचा टपरीवाला फुकटात कोड छापू शकतो तो त्यामुळे.

कोडच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात, ती हारा यांच्या गटाची खरी करामत. त्या चौकोनाच्या मध्यातून कुठल्याही दिशेने रेघ ओढा, काळा-पांढरा-काळा-पांढरा-काळा हे पट्टे १:१:३:१:१ याच प्रमाणात भेटतात. हे प्रमाण हवेतून आलेलं नाही. पत्रकं, मासिकं, खोकी अशा ढीगभर छापील गोष्टी तपासून, त्यांत सर्वांत कमी आढळणारं प्रमाण शोधून ते निवडलं गेलं. म्हणून मजकुराच्या गर्दीतही कॅमेऱ्याला कोड सापडतो आणि मोबाइल उलटा धरला तरी फरक पडत नाही.

मात्र या तीन चौकोनांच्या मधल्या जागेत किती बारीक जाळी विणायची, हे आपण ठरवतो. सर्वांत लहान कोड २१ × २१ घरांचा असतो. पुढची प्रत्येक पायरी चार-चार घरांनी वाढते आणि चाळिसाव्या पायरीला १७७ × १७७ घरं होतात. त्यात आकडेच भरले तर ७,०८९ मावतात. एवढं मावतं म्हटल्यावर माणसाला भरायचा मोह होतोच.

एक उदाहरण घेऊ. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. समजा, तिथल्या बागायतदाराला पेटीवर असा कोड हवा आहे, की स्कॅन करताच त्याचं व्हॉट्सअॅप उघडावं. त्या लिंकमध्ये सुरुवातीची ठरावीक आठ अक्षरं (https://), मग पत्त्याची सहा (wa.me/) आणि ९१ धरून बारा आकडी नंबर, अशी एकूण २६ अक्षरं होतात. कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता यावा म्हणून त्यात जादा माहिती भरतात, तिला दुरुस्ती म्हणू. ती मध्यम दर्जाची ठेवली तर २५ × २५ घरांच्या कोडात बरोबर २६ अक्षरं बसतात. काम फत्ते. आता मुलगा म्हणतो, गिऱ्हाइकाला टाइप करायचा त्रास नको, ‘मोसंबी’ हा शब्द आधीच लिहून ठेवू. दिसायला तीन अक्षरं. पण संगणक ‘म’, ‘ो’, ‘स’, ‘ं’, ‘ब’, ‘ी’ अशी सहा चिन्हं मोजतो आणि लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह रोमन लिपीतल्या नऊ अक्षरांत लिहिलं जातं. म्हणजे ५४ अक्षरं, शिवाय आधीच्या जोडणीची (?text=) सहा. २६ ची ८६ झाली आणि कोड एकदम ४१ × ४१ घरांवर गेला. एका शब्दापायी!

आपल्या भाषेने इथे का मार खावा, असं वाटतं खरं. पण उपाय सोपा आहे. मराठी मजकूर कोडात भरायचा नाही, कोडच्या शेजारी ठळक छापायचा. ‘मोसंबी हवी? इथे स्कॅन करा’ हे माणसाने वाचायचं असतं, मोबाइलने नाही.

आणखी एक युक्ती फार कमी जणांना माहीत असते. लिंक रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांत लिहिली तर कोड तिच्यासाठी वेगळी, आटोपशीर पद्धत वापरू शकतो. या पद्धतीत ४५ च चिन्हं आहेत. त्यांच्या जोड्या होतात ४५ × ४५ म्हणजे २,०२५, आणि तेवढ्या ११ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एकच्या ११ जागांत मावतात. एरवी दोन अक्षरांना १६ बिट लागतात. वरची २६ अक्षरी लिंक अशी लिहिली तर त्याच २५ × २५ घरांत दुरुस्तीची ताकद १५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर नेता येते. मात्र काही संकेतस्थळांना पत्त्याच्या पुढच्या भागातली लहान-मोठी अक्षरं वेगळी वाटतात, तेव्हा आधी उघडून पाहावं.

आता कॅमेऱ्याच्या बाजूने बघू. साधारण मोबाइलला तीन मीटरवरून चारेक मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. स्कॅन करताना बरेच फोन ते दोनेक हजार ठिपक्यांत टिपतात. म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला २ मिलिमीटर. कोडचं एक घर काळं की पांढरं हे खात्रीने ओळखायला निदान तीन ठिपके हवेत, म्हणजे घर ६ मिलिमीटरचं हवं. २५ घरांचा कोड १५ सेंटिमीटरचा झाला. ४१ घरांच्या कोडला तीन मीटरवरून वाचलं जायचं तर जवळपास २५ सेंटिमीटर जागा लागेल. तोच १५ सेंटिमीटरात बसवला तर पावणेदोन-दोन मीटरपर्यंत जवळ यावं लागेल. व्यवहारात हात हलतो, उजेड कमी-जास्त असतो, म्हणून अंतराच्या एक दशांश एवढा कोड ठेवावा असा ठोकताळा वापरतात. हायवेच्या होर्डिंगवर कोड लावणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे गेलेली असते, आणि स्टीअरिंगवरच्या माणसाने मोबाइल काढूच नये.

फ्लेक्सच्या दुकानात कोडचे खरे हाल होतात. व्हॉट्सअॅपवरून आलेलं चित्र आधीच दाबून पुसट झालेलं असतं. डिझाइनवाला ते मोकळी जागा भरेल एवढं आडवं ताणतो. चौकोनाभोवतीची पांढरी पट्टी त्याला वाया गेलेली जागा वाटते, म्हणून तिथपर्यंत रंग भरतो किंवा एखाद्या पुढाऱ्याचा खांदा आणून टेकवतो. पण चारी बाजूंना चार घरांएवढी कोरी जागा हा कोडचाच भाग आहे. ती गेली की कोड कुठे सुरू होतो हेच सॉफ्टवेअरला कळेनासं होतं. दुकानात चित्राऐवजी पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइल द्यावी, ती कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. आणि गडद पार्श्वभूमीवर पांढरा कोड कितीही झोकदार दिसला तरी टाळावा. सगळे स्कॅनर असा उलटा कोड वाचत नाहीत.

मधोमध लोगो टाकायची हौस सगळ्यांना असते. लोगोखाली घरं झाकली गेली तरी कोड वाचला जातो, याचं श्रेय अरविंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांच्या १९६० सालच्या गणिताला. त्याचं मर्म शाळेतल्या आलेखाच्या कागदावर कळतं. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. मला एक रेषा कळवायची असेल तर दोन बिंदू पुरेत, पण मी तिच्यावरचे चार पाठवले. वाटेत एक बिंदू सरकला. उरलेले तीन अजून एका रेषेत आहेत, म्हणजे चौथा खोटा, हे तुम्ही न विचारता ओळखाल. एक चूक सुधारायला दोन जादा बिंदू लागले, हे मात्र ध्यानात ठेवा. ३० टक्के नुकसान झेलणाऱ्या सर्वांत लहान कोडात २६ बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) असतात, त्यांतले १७ दुरुस्तीसाठी खर्ची पडतात आणि माहितीला उरतात फक्त ९. लोगो फुकट बसत नाही. त्याची किंमत बारीक होत जाणाऱ्या घरांनी चुकवावी लागते.

शिवाय ही दुरुस्तीची शिल्लक उन्हापावसासाठी ठेवलेली असते. बीडच्या किंवा परभणीच्या मे महिन्यात दुकानाबाहेर टांगलेला कोड काय सोसतो ते सांगायला नको. रंग उडतात, धूळ बसते, पेटी घासली जाते. लोगोने शिल्लक आधीच खाल्ली असेल तर पहिल्याच ओरखड्याला कोड मुका होतो. लॅमिनेशन टिकाऊ खरं, पण चकचकीत लॅमिनेशनवर दुपारचं ऊन पडलं की काळी घरं कॅमेऱ्याला पांढरी दिसतात. मॅट घ्यावं. वसमतच्या हळदीसारखा माल गोल बरणीत विकायचा असेल तर कोडची रुंदी बरणीच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. सहा सेंटिमीटरच्या बरणीवर तीन सेंटिमीटरचा कोड घेतला तर कडेची घरं १२ टक्क्यांनीच अरुंद दिसतात, तेवढं चालून जातं.

कोड वाचला गेला, पुढे काय? मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवत असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. त्यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांच्या कोडामागे कविता ऐकायला मिळायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा. मूल स्कॅन करतं, कारण तिथे पुस्तकात नसलेलं काही मिळतं. दुकानाचा कोड बहुतेकदा दुकानाच्याच मुखपृष्ठावर नेऊन सोडतो. पत्ता, आमची परंपरा, मालकांचा फोटो. गिऱ्हाइकाला हवा असतो आजचा भाव.

आणि ते लवकर उघडायला हवं. तुळजापूरच्या नवरात्रात किंवा माळेगावच्या यात्रेत एकेका टॉवरवर हजारो मोबाइल लटकलेले असतात. वाट्याला सेकंदाला एक मेगाबिट वेग आला, तर ८ एमबीची रंगीत पीडीएफ उतरायला मिनिटाच्या वर वेळ लागतो. तोच मजकूर १०० केबीच्या साध्या पानावर असेल तर सेकंदही लागत नाही.

जिथे इंटरनेटचाच भरवसा नाही, तिथे मी तर थेट फोन लावणारा कोड सुचवेन. ‘TEL’ ही तीन रोमन अक्षरं, विसर्गासारखं दिसणारं (:) चिन्ह, अधिकचं चिन्ह, ९१ आणि दहा आकडी नंबर, मिळून १७ अक्षरं. रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांत लिहिली तर सर्वांत लहान, २१ घरांच्या कोडात मध्यम दुरुस्तीसकट बसतात. स्कॅन केलं की नंबर डायल करायला तयार. नेट लागत नाही. बीडचं सीताफळ झाडावरून उतरल्यावर दोन-चार दिवसांत मऊ पडतं. एवढ्या घाईच्या मालाला संकेतस्थळापेक्षा फोन बरा.

पेट्या हजारांनी छापायच्या असतील तर आणखी एक सावधगिरी हवी. ‘बदलता येणारा कोड’ म्हणून काही कंपन्या जो फुकट देतात, त्यात तुमची लिंक नसतेच. त्यांच्या संकेतस्थळाची असते, आणि तिथून गिऱ्हाईक तुमच्याकडे वळवलं जातं. मुदत संपली किंवा वर्गणी थकली की छापलेल्या सगळ्या पेट्या एका रात्रीत मुक्या. संकेतस्थळासाठी स्वतःचं छोटंसं नाव (डोमेन) विकत घेऊन त्याच्यामागून पान बदलत राहावं. त्यात मोजमापही होतं. बाजार समितीतल्या पाटीला एक लिंक, पेटीला दुसरी, लग्नपत्रिकेसोबतच्या पत्रकाला तिसरी दिली की कुठून किती माणसं आली ते आपोआप दिसतं. पुढच्या हंगामात कुठला खर्च वाचवायचा, यावर मग घरात वाद घालावा लागत नाही.

राहता राहिला गल्ला. तिथे पैशाचा कोड असतोच, ऑर्डरचा कोड त्याला चिकटवून लावू नये. आपल्याकडे बहुतेक लोक स्कॅन म्हटलं की कॅमेरा नाही, पैशाचं अॅप उघडतात, आणि त्या अॅपला ऑर्डरचा कोड अनेकदा ओळखता येत नाही. दोन्हींत हातभर अंतर असावं आणि दुसऱ्यावर ‘कॅमेऱ्याने स्कॅन करा’ असं स्पष्ट लिहावं. पैशाच्या कोडवर रात्रीतून दुसराच स्टिकर डकवायची चोरांची पद्धत जुनी आहे, त्यामुळे सकाळी शटर उघडल्यावर स्वतःच्या मोबाइलने एकदा स्कॅन करून दुकानाचंच नाव येतंय ना, ते बघून घ्यावं. ‘पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असं कोणी फोनवर सांगू लागलं तर फोन तिथेच ठेवावा. यूपीआयचा पिन खात्यातून पैसे काढण्यासाठी असतो, पैसे यायला तो लागत नाही.