डायपर रॅश, चिवट

डायपरखाली झाकलेल्या भागावरची, म्हणजे ढुंगण, जांघा, लघवीची जागा आणि ओटीपोट इथली त्वचा लाल होऊन तिची आग होऊ लागते, त्याला डायपर रॅश म्हणतात. ९ ते १२ महिन्यांच्या बाळांत तो सर्वांत जास्त दिसतो, पण डायपर सुटेपर्यंत कधीही होऊ शकतो. नीट काळजी घेतली तर साधा रॅश तीन-चार दिवसांत उतरतो. त्याहून लांबला, किंवा उतरून पुन्हा पुन्हा उठू लागला, की तो चिवट समजावा. ही नोंद मुख्यतः दीड-दोन वर्षांच्या, डायपर बदलायला घेतले की पळ काढणाऱ्या मुलांच्या अशा रॅशबद्दल आहे. घरोघरी यावर एकामागून एक क्रीम लावून पाहतात. रॅश नेमका कशाचा आहे हे मात्र कुणी पाहिलेले नसते, आणि बहुतेक वेळा तिथेच अडलेले असते.

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि तीच तिची राखण असते. सतत ओल राहिली की त्वचेचा वरचा थर फुगून मऊ पडतो आणि डायपरच्या घासण्याने झिजतो. शीमधले जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, त्यामुळे त्वचेची आम्लता घटते. आम्लता घटली की शीमध्ये असलेली, प्रथिने आणि चरबी पचवणारी विकरे (एन्झाइम) जोमाने काम करू लागतात आणि बाळाची कातडीच पोखरतात. पूर्वी सगळा दोष एकट्या अमोनियाला दिला जाई. आता मुख्य इजा या विकरांची असते असे मानतात. म्हणूनच नुसत्या शूच्या डायपरपेक्षा शीचा डायपर फार वाईट, आणि जुलाब लागले तर एका रात्रीत ढुंगण सोलवटते. सर्दी-खोकल्यासाठी किंवा कानदुखीसाठी अँटिबायोटिक सुरू असेल तर दुहेरी त्रास होतो: शी पातळ होते, आणि बुरशीला आवरून धरणारे चांगले जंतूही मरतात.

मुंबईत या सगळ्यात हवेची भर पडते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवा इतकी दमट असते की कापडी लंगोट दोन-दोन दिवस दोरीवर राहूनही दमटच लागतात. चाळीच्या गॅलरीत, खोलीत पंख्याखाली, खिडकीच्या ग्रिलला, मिळेल तिथे ते टाकले जातात आणि शेवटी इस्त्री फिरवली जाते. तरी शिवणीत ओल राहतेच. नळाला पाणी ठरावीक वेळच असले की धुण्याला शेवटचे खळबळणे कमी पडते आणि साबणाचा अंश कापडात राहतो. जंतुनाशक द्रवात बुडवलेले लंगोटही त्वचेला झोंबतात. विकतच्या डायपरमधली पाणी धरून ठेवणारी भुकटी त्वचा बरीच कोरडी ठेवते, तेव्हा पावसाळ्यात डायपर वापरला म्हणून आईने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. डायपर महाग आहेत, पाळणाघरात ते मोजून दिले जातात, आणि लोकलने घरी पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तेवढ्यात ‘अजून भरला नाही’ म्हणून एकच डायपर बराच वेळ राहतो. भरलेला दिसत नसला तरी दिवसा दोन-तीन तासांनी आणि शी झाली की लगेच बदलावा, एवढे पाळणाघरातल्या ताईंना स्पष्ट सांगून ठेवावे.

चिवट रॅशमध्ये सर्वांत उपयोगी तपासणी घरीच करता येते. चांगल्या उजेडात जांघेच्या घड्या उघडून पाहाव्यात. घासण्याने आणि ओलीने झालेला साधा रॅश फुगीर भागांवर असतो, घड्यांच्या आत त्वचा बरीचशी ठीक असते. घड्यांच्या आतही गडद लाली असेल, कडा उठून दिसत असेल आणि मुख्य चट्ट्याभोवती सुटे लाल ठिपके असतील, तर ती बहुधा कँडिडा ही बुरशी असते. सावळ्या मुलांत लाली तितकी उठून दिसत नाही, त्वचा काळपट किंवा जांभळट दिसते. तिथे ठिपक्यांकडे विशेष लक्ष द्यावे. तीन दिवसांपेक्षा जास्त टिकलेल्या रॅशवर बुरशी बसलेली असण्याची शक्यता मोठी असते आणि नुसत्या झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या क्रीमने ती जात नाही. क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलसारखे बुरशीविरोधी मलम डॉक्टर देतात. रॅश दिसेनासा झाल्यावरही ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत लावावे लागते. मध्येच सोडल्यामुळे परत आलेले रॅश फार.

गुदाभोवती ठळक कडेचे लालभडक वर्तुळ आणि शी करताना रडणे, हे स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे असू शकते. त्याला अँटिबायोटिक लागते. पिवळ्या पाण्याचे फोड हेही जंतूंचे लक्षण. एखाद्या कंपनीच्या डायपरची किंवा वेट वाइप्सची ॲलर्जी, टाळूवर खवले आणणारा त्वचाविकार, सोरायसिस अशी इतर कारणेही असतात. डायपरच्या जागेबरोबर तोंडाभोवती आणि हातापायांवरही चट्टे, सोबत जुलाब आणि केस गळणे असे दिसले तर शरीरात जस्ताची कमतरता असू शकते. ही अवस्था दुर्मीळ आहे, आईचे दूध तुटल्यावर ती उघड होते, आणि जस्ताचे औषध दिले की झपाट्याने सुधारते.

घरच्या काळजीत पहिली गोष्ट म्हणजे घासणे थांबवणे. कोमट पाणी ओतून धुवावे, साबण रोज प्रत्येक वेळी नको, सुगंधी वाइप्स नकोत. सुती कापडाने टिपून घ्यावे. आडवे पडायला तयार नसलेल्या मुलाला मोरीत उभे करून त्याच्याच हातात मग द्यावा. स्वतः पाणी ओतण्याच्या नादात धुणे होऊन जाते. नंतर झिंक ऑक्साइडचे क्रीम किंवा व्हॅसलीन जाड थरात लावावे. पुढच्या वेळी शी तेवढी काढावी, खालचा पांढरा थर खरवडू नये. बुरशीचे मलम दिले असेल तर ते आधी, पातळ. त्यावर हा जाड थर. आणि दिवसातून जमेल तितका वेळ बूड उघडे. खाली मेणकापड, त्यावर जुने दुपटे, वर पंखा. ‘जरा मोकळं राहू दे गं त्याला’ असे आजी म्हणते तेव्हा ती अगदी बरोबर सांगत असते.

पावडर मात्र आजीने सांगितली तरी नको. टाल्कम पावडरचे कण श्वासातून बाळाच्या फुप्फुसात जातात. बोरिक पावडर तर घातकच आहे, सोललेल्या त्वचेतून ती रक्तात जाऊन विषबाधा होते. डाळीचे पीठ, उटणे, लिंबू, हळदीचा लेप हे रॅश असेपर्यंत बंद ठेवावे. खोबरेल तेलाने नुकसान नाही, पण जुलाबात त्याचा थर टिकत नाही.

याहून मोठा धोका कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणलेल्या ट्यूबचा आहे. बुरशीविरोधी औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे जोरदार स्टेरॉइड अशी तिन्ही एकत्र असलेली मलमे देशभर खपतात. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून ती शेजारणीलाही सुचवली जातात. थांबवली की रॅश दुप्पट जोराने उठतो, पुन्हा ट्यूब आणली जाते, आणि चिवटपणाचे कारण ट्यूबच होऊन बसते. डायपरच्या झाकणाखाली स्टेरॉइड अधिक शोषले जाते: त्वचा पातळ पडते, आणि बराच काळ वापरल्यास चेहरा सुजल्यासारखा गोल होणे, वाढ खुंटणे इथपर्यंत परिणाम पोचतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये घातली. दुकानांत चिठ्ठी मागितली जातेच असे नाही. बाळाला स्टेरॉइड लागलेच तर डॉक्टर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मोजक्या दिवसांसाठी देतात.

ताप, पू, फोड, रक्त, लघवी करताना रडणे, वजन घटणे यांपैकी काही दिसले, किंवा तीन-चार दिवसांच्या नीट काळजीने फरक पडला नाही, तर घराजवळच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. त्यांनाही उलगडा झाला नाही तर परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, किंवा केईएम, शीव, नायर या पालिका रुग्णालयांचे त्वचाविभाग आहेत. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, चिठ्ठीशिवाय आणलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात आणि रॅश सर्वांत जास्त होता त्या दिवसाचा फोटो दाखवावा. स्टेरॉइड लावलेल्या बुरशीचे रूप बदलते, नुसते पाहून ती ओळखता येत नाही. काय लावले होते हे कळले तरच डॉक्टरांना पुढे जाता येते.