कॉकटेल मिसळण्याची तंत्रे

मद्याला आंबट, गोड, कडू किंवा सुगंधी घटकांची जोड देऊन केलेले मिश्र पेय म्हणजे कॉकटेल. अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका साप्ताहिकाने १८०६ मध्ये या शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हा त्यात चार घटक होते : मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (वनस्पतींचा कडू, सुगंधी अर्क). यातले पाणी आज कृतीत क्वचितच लिहिलेले आढळते, कारण ते बर्फातून येते. मिसळण्याची मुख्य तंत्रे ही खरे तर हे पाणी किती आणि कसे येऊ द्यायचे याची तंत्रे आहेत.

एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. पेय गार होते ते मुख्यतः या वितळण्यामुळे. म्हणूनच पेय गार व्हावे पण पातळ होऊ नये, ही अपेक्षा पुरी होत नाही. ढवळलेल्या पेयात साधारण पाव पट पाण्याची भर पडते, शेकरमध्ये (पेय बर्फासह हलवण्याच्या झाकणाच्या भांड्यात) त्याहून जास्त. या पाण्याने मद्याची धग उतरते आणि दबलेले वास मोकळे होतात. बर्फ मात्र कोरडा आणि घट्ट हवा. पाझरू लागलेल्या खड्यांवरचे पाणी फारसा गारवा न देताच पेयात उतरते. बर्फात काटकसर करणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. भांडे बर्फाने तोंडापर्यंत भरावे.

ढवळायचे की हलवायचे, हे घटकांवरून ठरते. मार्टिनी, मॅनहॅटन, निग्रोनी यांत सगळेच घटक पारदर्शक आणि मद्ययुक्त असतात, ती ढवळावीत. लांब दांड्याच्या चमच्याची पाठ काचेच्या कडेला टेकवून फिरवली की बर्फ एकसंध फिरतो, आपटत नाही. वीस-तीस सेकंदांत पेय गार, नितळ आणि जिभेवर जड लागणारे होते. हेच पेय शेकरमध्ये घातले तर हवेचे बुडबुडे आणि बर्फाचा चुरा मिसळून ते गढूळ दिसते.

फळांचा रस, साय किंवा अंडे असेल तर मात्र शेकरच हवा. डायकिरीचे उदाहरण घ्या : ६० मिली पांढरी रम, ३० मिली ताजा लिंबूरस, २० मिली साखरेचा पाक. दहा-पंधरा सेकंद जोरात हलवल्यावर हवा मिसळून तिला जो हलकेपणा येतो, तो ढवळून कधीच येत नाही. अंड्याचा पांढरा भाग असल्यास आधी बर्फाशिवाय हलवतात, कारण गार होण्याआधी फेस सहज धरतो. मग बर्फ घालून पुन्हा. सोडा किंवा शॅम्पेन शेकरमध्ये कधीही घालू नये, वायूच्या दाबाने झाकण उडते. बाकीचे मिश्रण ग्लासात गाळून झाल्यावर ती वरून ओतावीत.

घटक जिगरने, म्हणजे मापाच्या छोट्या पेल्याने, मोजावेत. अंदाजाने ओतणारे हात मला कौतुकास्पद वाटत नाहीत. ५ मिली लिंबूरस जास्त झाला तरी डायकिरीचा तोल जातो.

मोहितोसारख्या पेयात पुदिना लाकडी दांड्याने दाबतात. इथे हलका हात हवा. सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागालगत असते, थोड्या दाबानेही सुटते. पाने चेचली तर कडवटपणा उतरतो. कडक फळे मात्र जोर लावून ठेचावी लागतात.

गाळण्यासाठी शेकरच्या तोंडाशी स्प्रिंगची गाळणी धरतात. बर्फाचा चुरा आणि फळांचे तंतू नको असतील तर खाली आणखी एक बारीक जाळीची गाळणी. थर रचायचे असल्यास जड, साखरयुक्त द्रव आधी ओतून हलका द्रव चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडतात.

शेवटी संत्र्याची किंवा लिंबाची साल पेयावर पिळतात. सालीची रंगीत बाजू पेयाकडे हवी, कारण तेलाच्या पिशव्या तिकडेच असतात. तेलाचे थेंब पेयावर तरंगतात आणि पहिल्या घोटाआधीच वास नाकाशी पोचतो.