ग्लुकोजचे हायड्रोजनीकरण (सॉर्बिटॉल निर्मिती)

ग्लुकोजला धातूच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन जोडून सॉर्बिटॉल हे गोड द्रव्य तयार करण्याची औद्योगिक प्रक्रिया. ग्लुकोजच्या साखळीच्या टोकाला अल्डिहाइड गट असतो. त्यावर हायड्रोजनचे दोन अणू बसले की त्याचा अल्कोहोल गट होतो. बाकीचा रेणू जसाच्या तसा राहतो. त्यामुळे हिशेब सरळ आहे: 180 किलो ग्लुकोजला 2 किलो हायड्रोजन, की 182 किलो सॉर्बिटॉल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी 1872 मध्ये हे द्रव्य सॉर्बस झाडाच्या फळांतून वेगळे केले. नाव त्या झाडावरूनच पडले.

मक्याच्या स्टार्चपासून मिळवलेले ग्लुकोजचे सुमारे 50 टक्के द्रावण पोलादी रिअ‍ॅक्टरमध्ये घेतात, त्यात रेनी निकेलची भुकटी मिसळतात, नायट्रोजन फिरवून आतली हवा काढून टाकतात आणि मगच हायड्रोजन सोडतात. तापमान साधारण 120 ते 150 अंश सेल्सिअस ठेवतात. दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो, आणि तो लागतोच. कारण हायड्रोजन पाण्यात फार कमी विरघळतो. साध्या दाबाला, 25 अंशांवर, लिटरभर पाण्यात जेमतेम 1.6 मिलिग्रॅम. वायूच्या बुडबुड्यातून द्रावणात आणि द्रावणातून निकेलच्या कणापर्यंत हायड्रोजन पोचवणे, हेच या प्रक्रियेतले खरे काम. म्हणून दाबाइतकेच महत्त्व ढवळण्याला आहे. ढवळणे कमी पडले तर भुकटी तळाशी बसते आणि हायड्रोजन असूनही उपाशी राहते. अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते, तीही सतत काढून घ्यावी लागते.

रेनी निकेल जपूनच हाताळावे लागते. निकेल-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूतले अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळवून काढले की स्पंजासारखे सच्छिद्र निकेल उरते. ही करडी-काळी भुकटी कायम पाण्याखाली ठेवतात. गाळणीच्या कापडावर राहिलेला थर सुकला तर हवेतच पेट घेतो.

द्रावणाच्या सामूवर (pH) सतत लक्ष लागते. ते अल्कधर्मी झाले तर थोड्या ग्लुकोजचे फ्रुक्टोज होते आणि त्यातून मॅनिटॉलही तयार होते. आम्लधर्मी झाले तर निकेल विरघळून मालात उतरते. ते आयन-विनिमय रेझिनने काढतात, कार्बनने रंग घालवतात आणि पाणी आटवून 70 टक्क्यांचा घट्ट पाक करतात. कार्बनवर बसवलेले रुथेनियम महाग पडते, पण ते विरघळत नाही. खाण्याच्या मालासाठी तेच अधिक योग्य वाटते.

ग्लुकोज शिल्लक राहता कामा नये, कारण ते तापवल्यावर तपकिरी पडते. सॉर्बिटॉल तसे पडत नाही. साखरेच्या सुमारे 60 टक्के गोडी असलेले हे द्रव्य साखरविरहित गोळ्यांत वापरतात. टूथपेस्टचे झाकण उघडे राहिले तरी ती लगेच वाळत नाही, तेही त्याच्या ओलावा धरून ठेवण्याच्या गुणामुळे. क जीवनसत्त्वाच्या राइशस्टाइन पद्धतीतही (1933) सुरुवात सॉर्बिटॉलपासूनच होते: टोकाच्या कार्बनवर हायड्रोजन जोडून झाला की जीवाणू दुसऱ्या टोकाजवळच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून घेतात आणि सॉर्बोज ही शर्करा मिळते.