स्कॅन केलेलं वेगळं, जतन केलेलं वेगळं

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी ग्रुपवर टाकतंच, 'चळवळीचे जुने अंक डिजिटल अर्काइव्ह केले, लिंक घ्या', आणि लिंक उघडली की मोबाईलनं काढलेल्या फोटोंचा ढीग. मेहनत खरी आहे, तळमळ पण खरी आहे, पण राजेहो, हे अर्काइव्ह नाही, हे स्कॅनिंग आहे.

स्कॅनिंग सगळ्यांना येते, त्यावर जास्त लिहीत नाही. पानावर सावली पडू देऊ नका, ३०० डीपीआयच्या (दर इंचाला ३०० ठिपके) खाली जाऊ नका, मूळ फाईल टिफमध्ये (चित्राचा दर्जा न घटवणारा फाईलचा प्रकार) ठेवा आणि वाचायला पीडीएफ करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. झालं.

खरी गडबड पुढं आहे. स्कॅन म्हणजे पानाचं चित्र. जतन म्हणजे ते पान कशाचं, कोणत्या अंकातलं, कोणत्या तारखेचं, कुठं छापलं, कोणाच्या घरून आलं ही सगळी नोंद त्या चित्राला कायमची बांधून ठेवणं. नोंद नसलेला अंक म्हणजे गट नंबर नसलेलं वावर, तुमचंच असलं तरी उद्या कोणी वाद काढला तर दाखवणार काय?

आमच्याकडच्या एका रिटायर गुरुजींच्या घरी टिनाच्या पेटीत नव्वदीतले एका छोट्या मासिकाचे अंक होते, शेतमजुरांची मजुरी, अत्याचाराच्या केसेस, कोणत्या गावात विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, असं सगळं त्यात. वरची पानं उधईनं खाल्लेली, म्हणून तारखा गेल्या. पोरांनी मोठ्या मनानं सगळ्याचे फोटो काढले, पण शेवटचं पान सोडलं, काहून तर त्यात नुसत्या जाहिराती आणि वर्गणीदारांची नावं. आणि नेमकी तिथंच खाली बारीक अक्षरात प्रेसलाईन असते! छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव, गाव छापणं १८६७ च्या कायद्यानं सक्तीचं होतं, म्हणून त्या काळच्या रीतसर छापलेल्या अंकात ती ओळ सापडतेच. फोटो ग्रुपवर गेले तेव्हा व्हॉट्सॲपनं फाईलच्या नावात फोटो पाठवल्याची तारीख टाकली, १४ एप्रिल २०२१, आणि ड्राइव्हवर चढवणाऱ्यानं तीच अंकाची तारीख म्हणून लिहून टाकली. आता तीस वर्षांपूर्वीची बातमी २०२१ ची म्हणून फिरते. मानवी हक्कांच्या कामात याहून मोठं नुकसान दुसरं नाही, कारण अत्याचार झालाच नाही म्हणणाऱ्याला हातात आयतं कोलीत मिळते.

बाबासाहेबांच्या मूकनायकचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा, बहिष्कृत भारतचा ३ एप्रिल १९२७ चा, हे आपण छातीठोक सांगतो, कारण अंकापासून तारीख कोणी तोडली नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून जे विशेषांक आपण पिशवी भरून आणतो त्यांची पण पन्नास वर्षांनी हीच गरज पडणार आहे. म्हणून कव्हर टू कव्हर स्कॅन करा, कोरं पान सुद्धा, कडेला पेनानं लिहिलेलं सुद्धा. फाईलचं नाव मासिक, वर्ष, अंक, पान असं द्या, आणि तारीख माहीत नसली तर 'तारीख नाही' असंच लिहा, अंदाज ठोकू नका.

बाकीचं थोडक्यात. तीन कॉपी ठेवा, एक गावाबाहेर. गुगलच्या फुकटच्या खात्यात १५ जीबी मिळते आणि दोन वर्षं ते उघडलंच नाही तर खातं उडू शकते, त्याच्या भरवशावर राहू नका. चेकसम, म्हणजे कॉम्प्युटरनं फाईलवरून काढलेला अंक-अक्षरांचा कोड, काढून ठेवा, तो फाईलचा अंगठा आहे, आतलं एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईली तो फॉन्ट नसला की कचऱ्यासारख्या दिसतात, त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणा, पण मूळ फाईल पुसू नका. आणि जतन केलं म्हणजे सगळं नेटवर उघडं टाकलं असंही नाही, जुन्या बातम्यांत बलात्कार पीडितेचं नाव, गाव छापलेलं असू शकते, तो अंक आत पूर्ण ठेवा आणि बाहेर दाखवताना नाव झाका. याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

स्कॅन झालं म्हणून गुरुजींच्या घरच्यांनी ते अंक रद्दीत दिले. एकच राहिला, नातीच्या वहीला कव्हर घातलेला होता म्हणून. तो सोडवला तर शेवटचं पान शाबूत, प्रेसलाईनसकट. त्याची नोंद करताना आम्ही हे पण लिहिलं: वहीचं कव्हर म्हणून वापरलेला, मधे घडीची खूण, डाव्या कोपऱ्यात पेन्सिलनं पाढे.