शाळेजवळची तंबाखूविक्री थांबवण्यासाठी युवा गटाने अर्ज कसा करावा? नाशिक शहरासाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

तंबाखूविरोधी काम हाती घेणारे तरुण बहुधा प्रभातफेरी, पथनाट्य किंवा सामूहिक शपथ यांपासून सुरुवात करतात. या उपक्रमांचे मोल आहेच. परंतु शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर पुड्यांच्या माळा पूर्वीसारख्याच लटकत राहिल्या, तर शपथ घेतलेल्या मुलाला रोज त्यांच्या समोरूनच घरी जावे लागते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करत होते आणि त्यांत धूम्रपानापेक्षा तंबाखू खाणाऱ्यांचे व मिश्री लावणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी मोठे होते. म्हणून शाळेच्या परिसरातील विक्री थांबवण्याचा लेखी अर्ज हे युवा गटाचे पहिले काम असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या अर्जाला आधार आहे तो सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने अधिनियम, २००३ म्हणजेच ‘कोटपा’ कायद्याचा. त्याच्या कलम ६ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत असे पदार्थ विकण्यास मनाई आहे. या कलमाच्या उल्लंघनासाठी २०० रुपयांपर्यंत दंड आहे. ही रक्कम तुटपुंजी वाटते; मात्र अल्पवयीन मुलाला तंबाखू दिल्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७७ लागू होते आणि त्यात सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अर्जात दोन्ही कायद्यांचा उल्लेख असावा, पण मुलांना विक्री होत असल्याचे खरोखर दिसले असेल तरच कलम ७७ लिहावे.

तक्रार कोणीही नागरिक करू शकतो. त्यासाठी संस्था नोंदणीकृत असण्याची अट नाही. तरीही गटाची काही ओळख असल्यास पाठपुरावा सोपा जातो. केंद्र सरकारच्या ‘मेरा युवा भारत’ पोर्टलवर १५ ते २९ वयोगटातील तरुणांना विनामूल्य नोंदणी करता येते. शाळकरी मुलांसाठी वेगळी वाटही आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत नऊ निकष असून त्यांतील एक निकष तंबाखू निरीक्षक नेमण्याचा आहे. नववी व त्यापुढील वर्गांतील विद्यार्थी प्रतिनिधीला ही जबाबदारी देता येते. अर्जावर सही मात्र गटातील १८ वर्षे पूर्ण झालेल्या सदस्याची किंवा शिक्षकाची असावी, आणि अल्पवयीन सदस्यांना सामील करून घेण्यापूर्वी पालकांचे लेखी संमतिपत्र घ्यावे.

अर्जाचे यश शाळा आणि टपरी यांमधील अंतराच्या मोजणीवर अवलंबून असते, म्हणून तिला पुरेसा वेळ द्यावा. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. हे अंतर मुख्य प्रवेशद्वारापासून नव्हे, तर संस्थेच्या कुंपणभिंतीच्या किंवा तारेच्या कुंपणाच्या बाहेरील कडेपासून, आणि रस्त्याच्या वळणांनुसार नव्हे, तर सरळ रेषेत सर्व दिशांनी मोजले जाते. याचा व्यवहारात मोठा फरक पडतो. कॉलेज रोडसारख्या भागात मागच्या गल्लीतील टपरी चालत जाताना दीडशे मीटरवर वाटते, पण भिंतीपासून सरळ रेषेत ती जेमतेम साठ मीटरवर असू शकते. मोजपट्टीचे एक टोक एकाने भिंतीला लावून धरावे, दुसऱ्याने पट्टी ताणावी, तिसऱ्याने आकडा वहीत उतरवावा आणि चौथ्याने पट्टीसह छायाचित्र काढावे. मध्ये इमारत येत असेल, तर मोबाईलमधील नकाशावर सरळ अंतर मोजून त्याची छापील प्रत जोडावी. कायद्यातील व्याख्या शाळा, महाविद्यालये आणि मान्यताप्राप्त उच्च शिक्षण संस्थांचा उल्लेख करते. त्यामुळे परिसरात खासगी क्लास कितीही असले, तरी मोजणी मान्यताप्राप्त शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या भिंतीपासूनच करावी.

पुरावा म्हणून एखाद्या लहान मुलाला पुडी विकत आणायला पाठवू नये. मुलाला अशा प्रसंगात ढकलणे गैर आहे. गटाने स्वतः माल उचलणे, दंड मागणे किंवा टपरीचालकाशी हुज्जत घालणेही टाळावे. टपरीवर कोणाचे तरी पोट असते, आणि चहा, बिस्किटे, वह्या-पेने विकण्यास या कायद्याची हरकत नाही. म्हणून अर्ज देण्याआधी मुख्याध्यापकांच्या सहीचे विनंतीपत्र चालकाला द्यावे आणि पोहोच म्हणून त्याची सही घ्यावी. काही चालक तेवढ्यानेही माल काढतात. जे काढत नाहीत, त्यांच्याबाबत ही पोहोच पुढे उपयोगी पडते.

अर्ज साध्या कागदावर लिहावा. त्यात शाळेचे नाव व पत्ता, दुकानाचे नेमके ठिकाण, मोजलेले अंतर, विक्री दिसल्याची तारीख व वेळ आणि अपेक्षित कारवाई यांचा उल्लेख करावा. सोबत शाळेचे पत्र, हाताने काढलेला नकाशा, तारखेसह छायाचित्रे, चालकाला दिलेल्या विनंतीपत्राची प्रत आणि अर्जदाराच्या ओळखपत्राची छायाप्रत जोडावी. छायाचित्रांत मुलांचे चेहरे येऊ देऊ नयेत.

अर्ज प्रथम त्या हद्दीतील पोलीस ठाण्यात द्यावा, कारण उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यांना या कायद्यान्वये झडतीचे अधिकार आहेत. टपरी रस्त्यावर किंवा पदपथावर असल्यास दुसरी प्रत महापालिकेच्या संबंधित विभागीय कार्यालयात द्यावी. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक अशी सहा कार्यालये आहेत. तिसरी प्रत त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात, राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाचे काम पाहणाऱ्या जिल्हा कक्षाकडे द्यावी. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये.

गुटख्याचा मामला वेगळा आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून अन्न सुरक्षा कायद्याखाली त्यावर बंदी असल्याने तेथे अंतराचा प्रश्नच येत नाही. शाळेपासून पाच किलोमीटरवर विकला जाणारा गुटखाही बेकायदेशीरच आहे. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात स्वतंत्रपणे करावी. एकाच अर्जात दोन्ही विषय घातल्यास तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहण्याची भीती असते.

सोबत पथनाट्य किंवा फेरी काढायची असल्यास पोलीस ठाण्याची पूर्वपरवानगी घ्यावी.

तंबाखूविक्रीच्या अर्जावर बराच काळ उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा वापर करावा. विहित नमुन्यातील अर्ज १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्याच कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्यावा. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा पाळावी. “आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुकच्या अर्जावर कोणत्या तारखेस कोणती कार्यवाही झाली, त्या नोंदीची प्रत मिळावी,” एवढेच विचारावे. उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.